कुंडीतली बिडी

"गेटजवळच्या कुंडीतून धूर येतोय. बघ जाऊन," वॉकीटॉकीवर पराग सर म्हणाले.

त्या कुंडीतलं झाड प्लास्टिकचं आहे. त्याला बिडीकाडीचं व्यसन असण्याची शक्यता कमी. तरी धावलो.

विमानतळावर चोरून ओढणाऱ्या प्रवाशांना पकडायचं आणि दंडाची पावती फाडायची, हे माझं काम. संडासाच्या दाराशी उभं राहून हुंगण्याचा मला पगार मिळतो. गावात सगळ्यांना वाटतं, मी विमान चालवतो. मी ते खोडून काढलेलं नाही. सरांना वाटतं, आम्ही नाशिकचे. तेही खोडलेलं नाही.

कुंडीपाशी एक लुगड्यातली म्हातारी हात जोडून उभी होती. मातीत पेटती बिडी खोचलेली. मागे दिल्लीला नाचायला निघालेलं पथक, त्यात काखेत वाजवायचा तारपा धरलेला आमच्या गावचा पांड्या. म्हातारी म्हणजे धोंडीबाई. माझी फुई, बापाची सख्खी बहीण. आईबाप वीटभट्टीवर जायचे तेव्हा गावी, पोशेऱ्यात हिनेच मला सांभाळलं.

आमच्याकडे गावाची शीव ओलांडताना देवाला पेटती बिडी देतात. फुई तर जमीनच सोडणार होती. माचिस तपासणीत गेलेली. म्हणून तिने सिगारेटवाल्यांच्या काचेच्या खोलीत, भिंतीवरच्या लायटरवर बिडी पेटवली आणि माती शोधत निघाली. अख्ख्या विमानतळावर माती तेवढीच.

"करन! आरं, तू हाय होय रं!" फुई हसली.

सर माझ्या मागेच येऊन उभे होते. "ओळखतोस हिला?"

"नाही सर."

"मग तिला तुझं नाव कसं कळलं?"

"बिल्ला वाचला असेल."

फुईला अक्षर येत नाही. मी तिच्याकडे वळलो. "माताजी, इधर स्मोकिंग मना है."

फुईने माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. पांड्याने तोंड उघडलं, तसा तिने त्याच्या पायावर पाय दिला.

"चुकलं साहेब," ती मला म्हणाली. "दुसराच कोन वाटला. डोलं गेलं माझं."

देवाची बिडी विझवायची नसते. मी बाटलीतलं पाणी ओतलं. त्या झाडाला पहिल्यांदाच कोणीतरी पाणी घातलं. मग पावतीपुस्तक काढलं.

"नाव?"

"धोंडीबाई."

"गाव?"

"लांब हाय, साहेब."

शिमग्याला घरी गेलो. फुईने चहा दिला. दिल्लीत केवढी थंडी, विमानात केवढंसं जेवण, सगळं सांगितलं. पावतीचा विषय नाही. मग तिने बिडी वळली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ओटा, अंगण ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेली.

"फुई, हितंच ओढ ना!"

"नको रं," ती तिथूनच ओरडली, "तुझी नोकरी हाय."

मी आत बसून राहिलो. सवयीने हुंगलं. त्या घरात पहिल्यांदाच बिडीचा वास नव्हता.