सायली फळ्यासमोर

उमापूरच्या शाळेतली पालकसभा मोहनरावांनी कधी चुकवली नव्हती. शाळा समितीचे अध्यक्षच होते ते. या वेळी मात्र बायकोला, तुळजाबाईंना, सोबत घेऊन ते आले ते गणिताच्या विजयमालाबाईंना सगळ्यांदेखत जाब विचारायला. त्यांची सातवीतली सायली गणिताच्या चाचणीत नापास झाली होती.

"रोज संध्याकाळी मी स्वतः पोरीला घेऊन बसतो," ते म्हणाले. "तरी ही गत. मग शाळेत शिकवतं कोण?" उद्याच बीडला जिल्हा परिषदेत जाऊन तुमच्या बदलीचं बघतो, असंही त्यांनी बाईंना सुनावलं.

विजयमालाबाईंनी ऐकून घेतलं. मग सायलीला फळ्याजवळ बोलावलं आणि अर्धा अधिक एक तृतीयांश ही बेरीज करायला सांगितली. सायलीनं खडू फळ्याला टेकवला आणि वडिलांकडे पाहिलं. हात तिथंच थांबला.

"छेद सारखे कर आधी. काल सांगितलं ना?" मोहनराव खुर्चीत पुढे सरकले.

सायलीची मान खांद्यांत गेली. ही मान तुळजाबाई रोज चुलीपाशी बसून बघत होत्या. उत्तर ओठांवर यायच्या आत ओरडा पडायचा, मग पाठीत धपाटा. त्या खाली बघून भाकरी थापत राहायच्या.

आज त्यांना खाली बघवेना. चारचौघांत नवऱ्याला त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"अहो, तुमी जरा भाईर जा."

"काय?"

"तुमी म्होरं असलात की तिला काई सुचत न्हाई. भ्या वाटतं पोरीला तुमचं. मलाबी वाटतं."

मोहनराव ताडकन उठले, खुर्ची मागं कलंडली. आता हात उठतो, असं तुळजाबाईंना वाटलं. पण ते कुणाकडे न बघता बाहेर गेले. अंगणात उभ्या त्यांच्या जीपचं दार धाडकन आपटलं. जीप मात्र सुरू झाली नाही.

सायलीनं सहा छेद धरला, खाडाखोड केली आणि शेवटी पाच षष्ठांश लिहिलं. बाई एवढंच म्हणाल्या, "बरोबर."

संध्याकाळी मोहनराव पुस्तक घेऊन सायलीजवळ आले. तुळजाबाई तवा उतरवून दोघांच्या मध्ये जाऊन बसल्या. ते पुस्तक ठेवून ओसरीवर गेले.

बीडला ते गेले नाहीत. तुळजाबाईंशी मात्र पुढे महिनाभर, पोळा होईपर्यंत बोलले नाहीत. पुढच्या चाचणीत सायली काठावर पास झाली.