आग विझल्यानंतरचा धूर

साहेब घरात आले तेव्हा मी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणोत लोक काय म्हणायचं ते. अग्निशमन केंद्राचे प्रमुख, हातात संत्र्यांची पिशवी, चेहरा मयताला आल्यासारखा. माझा नवरा अजून जिवंत आहे हो. खिडकीपाशी उशांना टेकून बसलाय, नाकात ऑक्सिजनची नळी. याला केंद्रात सगळे पहिलवान म्हणायचे. आता पलंगापासून मोरीपर्यंत जाताना मध्ये भिंत धरून थांबतो.

गाद्यांच्या गोदामाला आग लागली होती. ती या केंद्रवाल्यांनी विझवली, शाबासकीही मिळाली. घात झाला तो नंतर. यांच्यात एक रीतच पडून गेलीय. ज्वाळा खाली बसल्या की साहेब बाहेर बंबाजवळ आपला मास्क काढतात, दारातून ते बघून आतले सगळे काढतात. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा पुढच्या आगीसाठी वाचवायची म्हणे. वर जो आधी काढेल तो मर्द. मग उघड्या नाकाने राख उकरायची, कुठे निखारा राहिलाय का बघत. त्या दिवशी आत गाद्यांचा फोम धुमसतच होता. त्याचा विषारी धूर हे सगळे छाती भरून घेत होते, ज्वाळा दिसत नाहीत म्हणून निर्धास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं आतून जळलीत, पहिल्यासारखी होणार नाहीत.

"वहिनी, उद्या चौकशीला वरून माणूस येतोय," साहेब म्हणाले. "पहिलवानाने एवढंच सांगायचं, मास्क मी आपणहून काढला. नाहीतर अख्ख्या केंद्राची बदनामी होईल."

"केंद्राची की तुमची?"

"अगं, जाऊ दे," नवरा म्हणाला. तेवढ्यानेच त्याला धाप लागली. "साहेबांनी मला... मुलासारखं..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांनी पाठीवर हात ठेवला की हा विरघळलाच, पहिल्यापासून असाच.

दारात माझा दीर उभा होता, ड्यूटीवर निघालेला. त्याच केंद्रात, त्याच बंबावर. गोदामात तो पाइपाच्या मागच्या टोकाला होता, म्हणून वाचला.

"भाऊजी," मी विचारलं, "आज आग लागली आणि ज्वाळा विझल्या, तर मास्क काढणार का?"

भाऊजींनी आधी साहेबांकडे बघितलं.

"तो काय नवखा आहे का," साहेब घाईघाईने म्हणाले. "कधी काढायचा ते त्याला बरोबर कळतं."

"हाही नवखा नव्हता. ती संत्री घेऊन जा, साहेब. पुढच्या घरी लागतील तुम्हाला."

नवरा भावाकडे टक लावून बघत होता. त्याने उशीवरून पाठ सोडवली आणि हाताने मला थांबवलं.

"साहेब," तो म्हणाला. श्वास घेतला. "उद्या मी सांगणार." परत श्वास. "तुम्ही काढलात... म्हणून आम्ही काढला."

साहेब "विचार कर, घाई करू नकोस" असं काहीतरी बोलू लागले. नवऱ्याने तिकडे लक्षच दिलं नाही. भावाला खुणेने जवळ बोलावलं, त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं.

"बाहेर यायच्या आधी... मास्क काढलास," तो म्हणाला, "तर मी... मेलो समज."

एवढं बोलून होईतो त्याचे ओठ निळे पडले. भाऊजी त्याचा हात धरून ढसाढसा रडायला लागले, आणि मी नळीचा ऑक्सिजन वाढवला.