एकोणीस नंबरची नोंद

मी एक जुने जनरल रजिस्टर आहे. मित्रांनो, हात धुऊन आला असाल तरच माझे पान उलटा. आणि धुतले असतील तर आधी दाखवा, कारण माझा सहसा कोणावर विश्वास बसत नाही.

साक्री तालुक्यातल्या आमच्या शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत जो कोणी आला, त्याचे नाव, गाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचा दिवस माझ्यात लिहिलेला असतो. १९५८ साली धुळ्याच्या एका बाइंडरने मला जाड दोऱ्याने शिवले आणि पुठ्ठ्यावर निळे कापड चढवले. पहिल्या मुख्याध्यापकांनी टाक दौतीत बुडवून माझ्या पहिल्या पानावर एकतीस मुलांची नावे घातली. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "वा! रजिस्टर असावे तर असे!" मी फुगून गेलो. पण साहेबांच्या बोटाला शेवेचे तेल होते, हेही माझ्या लक्षात आले. तो डाग अजून आहे.

पुढे कोणाची नोकरी, कोणाचे लग्न, कोणाची निवृत्ती, सगळ्यांना मी लागू लागलो. काम होईपर्यंत "जपून, जपून" म्हणायचे आणि काम झाले की कपाटात कोंबून द्यायचे. तिथे कसर माझ्या कडा कुरतडत होती. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसा मी प्रत्येक हाताकडे संशयाने बघू लागलो.

मागच्या उन्हाळ्यात शाळेत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. जळगावहून मृणाली मॅडम आल्या. शिकायला तिघे होते: लिपिक प्रेमराज भाऊ, शिपाई भटू नाना आणि सेविका पार्वताबाई. मॅडम म्हणाल्या, "आता जुन्या नोंदी ऑनलाइन शीटमध्ये घ्यायच्या. सारखे कपाट उघडायला नको."

कपाट उघडायला नको! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हणजे हे मला रद्दीतच घालणार.

प्रेमराज भाऊ भराभर शिकले. भटू नानांनी चष्मा घरी राहिल्याचे तिन्ही दिवस सांगितले. पार्वताबाईंची मात्र त्रेधा उडाली. माऊस टेबलाच्या काठाला पोचला की तो उचलून मागे घ्यायचा, हे त्यांना कळेना. त्या आपली खुर्चीच पुढे सरकवायच्या. सगळे हसले, मीही हसलो. त्यांनी मात्र मॅडमचा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतला.

माझे पहिले पान प्रेमराज भाऊंनी घेतले. नावे टाइप करायला त्यांना अर्धा तास लागला. जन्मतारखा मात्र सगळ्यांच्या सारख्याच होत्या, १ जून १९५२. त्यांनी पहिली तारीख टाइप केली, तिचा कोपरा माऊसने धरला आणि खालपर्यंत ओढला. "एकतीस तारखा एका क्षणात भरल्या!" असे म्हणत ते चहाला निघून गेले. इतक्या लवकर? कुठेतरी पाणी मुरतंय असे मला वाटले, पण पडद्याकडे माझी पाठ होती.

जुलैत समीक्षा आली. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि जात पडताळणीसाठी तिला आजोबांच्या, म्हणजे चिंधा आबांच्या नोंदीचा उतारा हवा होता. प्रेमराज भाऊंनी मला हातही न लावता दोन मिनिटांत शीटवरून उतारा छापून दिला. आठवड्याने, एका गुरुवारी, ती रडवेली होऊन परत आली.

"भाऊ, अर्ज परत आला. आबांच्या जुन्या दाखल्यावर एक जून आहे आणि तुमच्या उताऱ्यावर एकोणीस जून. शनिवारपर्यंत बरोबर उतारा दिला नाही तर माझी सीट जाईल."

प्रेमराज भाऊ खाकरले. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ते मला तेव्हा सुचले नाही. "शीटमध्ये पार्वताबाईंचा हात लागला असेल. कुठेही दाबतात त्या," ते म्हणाले. पार्वताबाई दारातच उभ्या होत्या. खरे सांगतो मित्रांनो, मलाही त्यांचाच संशय आला.

शाळा सुटल्यावर पार्वताबाईंनी मला कपाटातून काढले, फडक्याने पुसले आणि छातीशी धरले. रद्दीवाला तोताराम शुक्रवारी येतो. पुरावाच नाहीसा करायचा बेत दिसतोय, असे मी म्हटले आणि अंग ताठ केले.

पण त्यांनी मला संगणकाशेजारी ठेवले. माझ्या ओळीखाली फूटपट्टी धरली. एक बोट माझ्यावर, एक पडद्यावर. ओठ हलवत त्या खाली खाली येत गेल्या. एकोणिसाव्या, चिंधा आबांच्या ओळीपाशी थांबल्या आणि घरी निघालेल्या प्रेमराज भाऊंना त्यांनी हाक मारली.

"भाऊ, देखा. एक नंबरले एक जून, दोन नंबरले दोन जून, एकोणीस नंबरले एकोणीस जून. पोरं काय रांग लाईसन जन्मनात?"

प्रेमराज भाऊंनी कोऱ्या शीटमध्ये एक तारीख घातली आणि कोपरा धरून ओढली. खाली दोन, तीन, चार अशा तारखा चढत गेल्या. ओढताना तारीख तशीच ठेवायची असेल तर काय करायचे, ते मॅडमनी सांगितले होते. पार्वताबाईंच्या वहीत ते लिहिलेले होते. प्रेमराज भाऊ तेव्हा चहाला गेले होते. त्यांचा चेहरा पडला. "अक्का, चूक माझी," एवढेच ते म्हणाले, आणि दोघांनी बसून सगळे पान दुरुस्त केले.

शुक्रवारी सकाळी समीक्षा चिंधा आबांना घेऊन आली. मुख्याध्यापकांनी माझ्याशी पडताळून नव्या उताऱ्यावर सही केली. आता धुळ्याची बस पकडली की सीट वाचणार होती. पार्वताबाईंनी आबांना माझे पान दाखवले. आबांनी आपल्या नावावर बोट ठेवले आणि हसू लागले.

"एक जून! मास्तरनी बठ्ठास्ले तीच लिखी दिन्ही. मन्हा जनम ते कापूस येचाना दिनमा व्हयना."

"आबा, हळू बोला!" समीक्षाने उतारा चटकन पिशवीत घातला आणि त्यांना हाताला धरून बाहेर नेले.

मास्तरांनी सगळ्यांना एकच तारीख लिहून दिली होती, आणि कापूस तर दिवाळीच्या सुमारास वेचतात! मी तसाच उघडा पडून राहिलो. सदुसष्ट वर्षे मी कसरीवर, साहेबांवर, रद्दीवाल्यावर आणि माऊसवर संशय घेतला. माझ्या पहिल्याच पानावर एकतीस मुले एकाच दिवशी जन्मली होती आणि ते मला कधी खटकले नव्हते.

शनिवारी दुपारी समीक्षाचा फोन आला. अर्ज घेतला होता. पार्वताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आता शीटमधल्या प्रत्येक नोंदीवर शेवटचे बोट त्यांचे फिरते.

मित्रांनो, मला जपा, कोरड्या जागी ठेवा. पण जुने म्हणून मला खरे मानू नका आणि नवीन म्हणून शीटला. दोघांना शेजारी ठेवून तपासा. आणि चूक निघाली की हळू शिकणाऱ्याकडे आधी बोट दाखवू नका. मी दाखवले होते. पार्वताबाईंना ते माहीत नाही. त्या रोज सकाळी मला फडक्याने पुसतात, आणि मला मान वर करवत नाही.