कमरेच्या वर नाही

मित्रांनो, गोल्फच्या पिशवीत इतर काठ्यांबरोबर उभी असलेली मी एक जुनी काठी. माझे लोखंडी तोंड भट्टीत तापवून, ठोकून घडवले आणि त्यावर बारीक खाचा पाडल्या. दांडा पोलादी, मूठ रबराची. माझे मालक अण्णा माझ्याबरोबर पुष्कळ वर्षे खेळले आणि गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी मला लेकीच्या हाती दिले.

लेक बेकरी चालवत असे. पीठ मळून मळून तिचे हात इतके दणकट झाले होते की मला त्यांचा धाकच वाटे. चेंडूसमोर उभी राहिली की ती मला मनगटाने झटकन मागे ओढी. मी थेट तिच्या पाठीमागे वळत जाई. मग परत येताना आम्हा दोघींची त्रेधा उडे आणि चेंडू झुडपांत जाई. चूक मारताना होत नाही, मला मागे नेतानाच्या पहिल्या हातभर अंतरात होते, हे अण्णा सांगून थकले. ती हसून विषय बदलत असे.

एका सकाळी बेकरीत तेल सांडले होते. त्यावरून ती घसरली आणि उजवा खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली. हात पूर्वीसारखा वर जाईल याची खात्री डॉक्टर देईनात. तूर्त तो कमरेपर्यंतच हलवायचा होता. घरी आल्यावर ती माझ्याकडे बघेनाशी झाली. कोपऱ्यात माझ्यावर धूळ साचली.

शेवटी अण्णांनीच मला पुसून तिच्यासमोर धरले.

"कमरेच्या वर नाही ना न्यायचं? मग तेवढंच शिकू या."

"तेवढ्याने काय होणार, अण्णा?"

"आधी ने तर खरं."

बेकरीमागच्या खोलीत त्यांनी फरशीवर पीठ भुरभुरले आणि माझ्या तोंडामागे पिठाची लहानशी पुरचुंडी ठेवली. तिने सवयीने मनगट झटकले. मी पुरचुंडीवरून उडाले. हात विसर, छाती वळव, अण्णांनी समजावले. या वेळी तिचे खांदे, हात आणि मी एकत्रच निघालो. पुरचुंडी अलगद सरकली. पिठात आधी सरळ, मग किंचित आत वळणारी रेघ उमटली आणि मी कमरेशी आडवी, स्थिर थांबले. ती त्या रेघेकडे बघतच राहिली.

मग रोज पाव भाजून झाले की आमचा तोच उद्योग. खांदा ठणके, कंटाळा येई. एकदा तर "बस झालं" म्हणून तिने मला भिंतीला टेकवले. पण चहा पिऊन परत आली. इतक्या लहान हालचालीवर इतका जीव टाकणारे हात मी दुसरे पाहिले नाहीत.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हाही हात जेमतेम खांद्याइतका वर जात होता. अण्णांची नजर तोवर अधू झाली होती, तरी ते मैदानावर आले. तिने मला सावकाश मागे नेले. कमरेपर्यंतची वाट आमच्या अंगवळणी पडली होती. पुढचा फटका आपसूक आला. चेंडू माझ्या तोंडाच्या मधोमध लागला.

"कुठे गेला?" अण्णांनी विचारले.

ती म्हणाली, "लांब नाही गेला, अण्णा. पण शोधावा लागणार नाही."

अण्णांनी तिचा हात धरला आणि दोघे चेंडूच्या दिशेने चालू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण कपाटामागे पडली असेल, तर तिच्या खाचांतली माती काढा, मूठ ओल्या फडक्याने पुसा. आणि खेळायला घ्याल तेव्हा तिला मागे नेताना हिसका देऊ नका. तेवढा हातभर प्रवास आम्हाला शांतपणे करू द्या. पुढचे आम्ही बघून घेऊ.