दगडी सिंहाची साक्ष

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच लिहून ठेवा. पण फोटोच्या परवानगीसाठी दीड हजार वर्षांच्या दगडी सिंहाची साक्ष काढणारा माणूस अख्ख्या भिलाईत एकच. तो मी, देवाजी, रेल मिलचा रिटायर फोरमन.

झालं असं, माझ्या नातीनं, पायलनं, इकडच्या जुन्या बुद्धमूर्तींवर पुस्तक लिहिलं. पोरीचं पहिलंच. बुद्धपौर्णिमेला कुरुदच्या विहारात त्याचं प्रकाशन व्हायचं होतं. मुखपृष्ठासाठी तिनं आमच्या घरातला एक फोटो निवडला, संग्रहालयातल्या मूर्तीचा. पण सिविक सेंटरचा छापखानेवाला अडून बसला. म्हणे, मूर्ती संग्रहालयाची आणि फोटो काढणाऱ्याचा. दोघांची लेखी परवानगी आणा, नाहीतर मुखपृष्ठ कोरं छापतो. पोरीनं दोन दिवस धड जेवण केलं नाही.

शेवटी मीच परवानगीचा फॉर्म घेऊन संग्रहालयात गेलो. तिथल्या साहेबानं संग्रहालयाची सही लगेच केली आणि विचारलं, फोटो कोणी काढला? म्हटलं, मी, शहाऐंशी साली. पुरावा काय, म्हणे. मी त्याचा हात धरला आणि थेट मूर्तीपुढं नेला. आसनाखाली सिंह कोरलेला आहे. मला पाहताच त्यानं शेपूट हलवली. साहेबाच्या हातची फाईल खाली.

घरी येऊन हे सांगत होतो, तर इथं पायलनं टोकलं. "आबा, आपल्यात चमत्कार नाही चालत."

"चमत्कार कुठचा, बाई? बुद्ध शांतच बसले होते. सिंह ओळखीचा, म्हणून हलला."

शेजारच्या कवडूनं चहा फुंकत विचारलं, शेपूट डावीकडं हलली का उजवीकडं? म्हटलं, दोन्हीकडं. सरकारी काम, दोन प्रतींत करावं लागतं.

मग साहेबानं फोटो काढणाऱ्याच्या रकान्यात माझी सही घेतली, असं सांगून मी फॉर्म पायलपुढं ठेवला. पोरीचा चेहरा जरा खुलला. तेवढ्यात आमची कांता, पायलची आजी, आतून आली. मुखपृष्ठासाठी पायलनं फोटोतली मूर्तीच तेवढी घेतली होती. कांतानं अख्खा फोटो कवडूच्या नाकापुढं धरला.

"अजी, फोटो तुमी काढला, तं मूर्तीच्या बाजूले छाती फुगवून हा कोन उभा हाये? बटन म्या दाबलं होतं. पायल, यायची सही खोड अन् पेन दे मले."