सायमाची पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. मिनेसोटातल्या एका तळ्याच्या तळाशी, चिखलात आडवी पडले आहे.

मला एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या कण्यापासून घडवले. टोक छिन्नीसारखे चपटे केले, वर भोक पाडून दोरीचा फास अडकवला आणि मला आपल्या मुलीच्या, सायमाच्या, हाती दिले.

"फास मनगटात घालायचा. गोठलेल्या तळ्यावर पाऊल टाकायच्या आधी हिला टाकायचं," तो म्हणाला. "टण्ण वाजलं तर चाल. थप् वाजलं तर आल्या पावली मागे."

लोहार पुढे वारला. सायमा माझ्या भरवशावर हिवाळ्यामागून हिवाळे बर्फाला भोक पाडून, त्यातून गळ सोडून क्रॅपी धरत राहिली. क्रॅपी हा तळहाताएवढा, रुपेरी मासा. त्याचे ओठ कागदासारखे नाजूक; हिसका दिला की फाटतात आणि गळ सुटतो. सायमा हलक्या हाताने ओढी. लोक तिचे कौतुक करत, आणि तिच्या नवऱ्याला, रेनोला, ते खुपे.

"टकटक कसली करतेस?" तो चारचौघांत म्हणे. "तळं काय आतून कडी काढणार आहे?"

माणसे हसत. सायमा मला पुढे टाकी.

एकदा मार्चमध्ये रात्रभर बर्फ पडून सारे तळे पांढरेशुभ्र झाले होते. काठावर पोचल्यावर रेनोने मला ट्रकमध्येच ठेवले, दार लावले आणि किल्ली खिशात टाकली.

"रेनो, पहार दे."

"आज नाही. आज मुकाट्याने माझ्या मागून चालायचं."

"लव्हाळ्यापाशी खालून झरा आहे. तिथला बर्फ पातळ असतो. आज तर काहीच दिसत नाही."

"मग बस इथेच. भित्र्या बापाची भित्री पोर."

मी काचेतून पाहत होते. तो ऐटीत चालत लव्हाळ्यापाशी गेला आणि दिसेनासा झाला. मग काळ्या पाण्यातून दोन हात वर आले.

किल्ली त्याच्याबरोबर पाण्यात होती. सायमा पोटावर पडली आणि सामानाची घसरगाडी पुढे ढकलत सरपटू लागली. खालचा बर्फ किती जाड आहे, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. रेनोने गाडी धरली. गाडीचा दोर हातातून निसटू लागला म्हणून तिने हातमोजे काढले, आणि उघड्या हातांनी त्याला ओढून काढले. त्याच हातांनी त्याच्या गोठत्या खिशातून किल्ली काढली.

डॉक्टरांनी सायमाच्या उजव्या हाताची दोन बोटे कापली. रेनोला सर्दी झाली.

मला वाटले, आता तरी हा माणूस निवळेल. पण जिने वाचवले तिचे तोंड त्याला रोज पाहावे लागे, आणि तेच त्याला सोसेना. एका संध्याकाळी तो मला बारमध्ये घेऊन गेला. सायमासारखा वाकून, मला फरशीवर आपटत त्याने नक्कल केली.

"मी बुडतोय, आणि ही काठावर उभी राहून रडतेय. माझा मीच आलो बाहेर."

"मग तिची बोटं?" शेजारच्या म्हाताऱ्या आर्वोने विचारले.

"हातमोजे घरी विसरली. आहेच वेंधळी."

सगळे हसले. आर्वोही हसला, आणि हसता हसता दाराकडे पाहून त्याने मान खाली घातली. सायमा नवऱ्याला घरी न्यायला आली होती. तिने त्याचा कोट उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

पुढच्या हिवाळ्यात ती डाव्या हाताने गळ टाकायला शिकली. पहिल्याच दिवशी तिच्या बादलीत रेनोपेक्षा जास्त क्रॅपी जमले. रेनो उठला. सगळ्यांदेखत तिच्या मनगटातला फास ओढून काढला आणि मला तिने बर्फात पाडलेल्या भोकातून पाण्यात सोडले.

"जा, आता खाली जाऊन विचार बर्फ किती जाड आहे ते."

त्या दिवशी कोणी हसले नाही. जो तो आपल्या गळाकडे पाहत राहिला.

तेव्हापासून मी इथे आहे. क्रॅपींचे थवे माझ्यावरून जातात. परवा वरून टकटक ऐकू आली. मऊ, लाकडी आवाज. सायमा कुऱ्हाडीचा नुसता दांडा घेऊन फिरत असावी. मित्रांनो, लाकडाला टण्ण आणि थप् यांतला फरक सांगता येत नाही.

मला वर काढायची खटपट करू नका. मी गंजून गेले आहे. पण तुमच्या घरी कोपऱ्यात एखादी पहार पडून असेल, तर तिला धार लावा आणि सायमाला नेऊन द्या. देताना हसू नका. आणि जरा लवकर करा. कालपासून मला वरच्या, पातळ होत चाललेल्या बर्फातून उजेड दिसू लागला आहे.