पडद्याची मागची बाजू

अनुसयाबाईजवळ नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. कवडूचा चेहरा आता तिला तुकड्यातुकड्यांनी आठवे. कधी नुसत्या मिशा, कधी नुसते डोळे. म्हणून सत्तावन्नच्या हिवाळ्यात सरकारी मोटार गावात विहिरीचा सिनेमा दाखवणार असं कळलं, तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आठ वर्षांपूर्वी रूपराव पाटलांनी विहीर महारवाड्याला खुली केली, तेव्हाचं ते चित्र. पहिली बादली कवडूने काढली होती. कॅमेरा होता तोवर विहीर सगळ्यांची होती. कॅमेरा गेला, कवडू पुन्हा पाण्याला गेला, आणि त्याला असा मारला की तो अंथरुणावरून उठलाच नाही. यंदा विहिरीवर छान गुळगुळीत दगड बसला. नाव अर्थात पाटलांचं.

विहिरीजवळच पडदा दोन बांबूंना ताणला. समोर गाव आणि मागे महारवाडा, ही जुनी रीत. कापडातून चित्र आरपार दिसतंच, मग तक्रार कसली, असा गावाचा न्याय. पण दीक्षा घेतल्यापासून महारवाड्यातली माणसं मागे बसेनात. अनुसयाबाई मात्र दिवस मावळायच्या आधीच सवयीने मागे पोतं अंथरून बसली होती.

"वयनी, समोर ये ना," नणंद वच्छला म्हणाली.

"राहू दे. इथून जवळ दिसते."

विहीर आली, हार घातलेले पाटील आले. मग एक फेटेवाला वाकला. तीच पाठ, तेच वाकणं. अनुसयाबाई पोत्यावरून पुढे सरकली. चेहरा फेट्याच्या सावलीत होता. त्याने भरलेली बादली उचलली, उजव्या हाताने.

कवडू तर पक्का डावखोरा. दगडावर दुसऱ्याचं नाव, सिनेमात दुसराच माणूस. ती पोतं झटकून उठली आणि घरी जाऊन पोटभर रडली.

सकाळी वच्छला आली. "पाह्यलं ना दादाले? मी तं पाह्यतच राह्यली."

"ते नव्हते. त्या माणसानं उजव्या हातानं बादली उचलली."

"डाव्या हातानं, वयनी. तू मांगं बसली होती. मांगून सारं उलटं दिसते."

हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. समोर बसल्याशिवाय कळणार तरी कसं? ती तशीच विहिरीकडे धावली. मोटार उजाडताच आर्वीला गेली होती. बांबू तेवढे उभे होते. ती त्यांना वळसा घालून समोर आली आणि मातीत बसली.

"तुमी आलते," ती रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाली, "अन् मी उठून गेली."